सासूबाई परप्रांतात

गोवा राज्य झालं तेव्हा आम्ही डिचोलीला राहत होतो. यजमान खाणीच्या कचेरीत नोकरीला, आणि आमचं गाव किरणपाणीची खाडी ओलांडली की लगेच, महाराष्ट्रात, आरोंद्याच्या अंगाला. पूर्वी गावी जाताना आपण सीमा ओलांडतो असं कधी मनातही आलं नव्हतं. राज्य झाल्यावर मात्र डिचोलीतल्या महाराष्ट्रातल्या मंडळींना अचानक आपण परप्रांतात असल्याचं जाणवलं आणि त्यांनी स्नेहमेळावा ठरवला.

त्या दिवशी सकाळीच सासूबाई आल्या होत्या, कोकमाच्या सोलांची पिशवी घेऊन. घरी एकटं कशाला ठेवायचं म्हणून त्यांनाही नेलं.

देवळाच्या सभागृहात पन्नासेक माणसं जमली होती. अध्यक्ष नागपूरचे, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्या पत्नीने स्वागताचं भाषण केलं. दहा वर्षं झाली तरी इथे जीव रमत नाही, इथल्या पाण्याने डाळसुद्धा शिजत नाही, असं त्यांनी सांगितलं. पुण्याच्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी यजमानांकडे पाहिलं. आम्ही गेल्याच रविवारी गावी जाऊन नारळ उतरवून आलो होतो. डोळ्यांत पाणी आणायचं तरी कशाच्या जोरावर?

मग सर्वांत वयस्कर म्हणून सासूबाईंना शाल आणि श्रीफळ दिलं. अध्यक्षीणबाईंनी त्यांचा हात हातात घेतला आणि फार मायेने विचारलं, "आजी, आपली माती सोडून किती वर्षं झाली हो?"

"सकाळीच इलंय," सासूबाई म्हणाल्या.

मागच्या रांगेत कोणीतरी खोकल्यासारखं केलं. अध्यक्षांनी सावरून घेत दोन शब्द बोलायचा आग्रह केला. सासूबाईंनी माइककडे न बघता सरळ बाईंनाच सांगितलं, "माजो गाव खाडयेच्या पल्याड. आठवण येवक माका वेळच गावणा नाय. तुमी लांबचे, तुमका येतली. गावाक जाशात तवसर माज्याकडे येवा."

टाळ्या झाल्या. अध्यक्ष मला बाजूला घेऊन म्हणाले की आजींची कोकणी फार गोड आहे. ती मालवणी, मी म्हटलं. "तेच ते," ते हसून म्हणाले. कोकणी-मराठीच्या वादाच्या त्या दिवसांत हे 'तेच ते' डिचोलीच्या बाजारात कोणी मोठ्याने म्हटलं असतं, तर दोन्ही बाजूंची माणसं त्याच्यावर धावून गेली असती.

जेवायला श्रीखंडपुरी होती. सासूबाईंनी पानात मासळीचं नाव नाही हे पाहून कोणाचं सुतक आहे का, असं मला हळूच विचारलं.

आमंत्रण म्हणजे बोलण्यापुरतं बोलणं, असं मी धरून चालले होते. पण पंधरा दिवसांनी अध्यक्षीणबाई सुटकेस घेऊन आमच्या दारात. गावी परतलेल्या सासूबाईंकडे निघालो तेव्हा फेरीबोटीत मी त्यांच्या शेजारी उभी होते. पलीकडचा धक्का जवळ आला तसं त्यांनी पदर नीट केला, केसांवरून हात फिरवला. दहा वर्षांनी माहेरी उतरणाऱ्या बाईसारखा त्यांचा चेहरा झाला होता, आणि त्यांचं माहेर तिथून अजून रात्रभराच्या प्रवासाहूनही लांब होतं. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

बाई मासे खात नसत, हे सासूबाईंना चुलीवर बांगड्याची आमटी उकळल्यावर कळलं. मग त्यांच्यासाठी तांदळाची घावणं आणि नारळाचा रस झाला. शेजारीण बघायला आली. सासूबाईंनी ओळख करून दिली, "हे आमचे गोंयचे पाव्हणे."

मी बाईंकडे पाहिलं. त्या काहीतरी दुरुस्ती करतील असं वाटलं होतं. त्या घावण रसात बुडवत राहिल्या. शेजारीण बसली आणि बोलता बोलता म्हणाली की गोव्यात सगळंच महाग, माणसंही तुसडी, तिचा भाचा चार दिवसांत पळून आला.

बाईंनी ताट खाली ठेवलं. "कुठे होता तो? आमच्या डिचोलीला तसं नाही हो," त्या जरा तोडूनच म्हणाल्या. आणि मग सासूबाई दुसरं घावण वाढेपर्यंत आमच्या पाववाल्याचं, भाजीवालीचं, तळीवरच्या देवळाचं कौतुक त्या करत राहिल्या.