सुरेशच्या आईचा गाता डबा

वस्तू एकदाच तयार होते, तिचे किस्से मात्र रोज तयार होतात. आम्ही तिघांनी मिळून एक डबा बनवला, तर त्याचे एवढे किस्से साठलेत की मी सांगायला बसलो की घरचे आधीच उठून जातात!

तिघे म्हणजे मी, विरारचा नितीन आणि खाडीकाठच्या गावातला सुरेश. रविवारी सकाळी एव्हरशाईन कॉलनीतल्या माझ्या हॉलमध्ये पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर घेऊन खटपट करत बसायचं, हा आमचा छंद.

सुरेशची आई धवलारीण. लग्नाच्या प्रत्येक विधीला तिने धवल्याची, म्हणजे लग्नगीताची, ओळ म्हणायची आणि मागून बायकांनी. तिच्या गळ्याशिवाय आजूबाजूला लग्न लागलेलं कोणाला आठवत नाही. गेल्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला. त्यात आता सख्ख्या नातीचं, सुरेशच्या तेजूचं, लग्न ठरलं. आईने पूर्वी घरी म्हणून ठेवलेले धवले सुरेशच्या फोनमध्ये होते, पण शेतात राबलेलं तिचं बोट टचस्क्रीनला कळेना.

"चार विधी, चार बटणांचा गाता डबा. हाय काय नि नाय काय!" नितीन म्हणाला.

\*\*\*

पहिल्या रविवारी आवाजच येईना. वायर बदलली, सेटिंग बदलली, सगळं पुसून पुन्हा टाकलं. दोन तासांनी शोध लागला की आवाज पहिल्यापासून स्क्रीन म्हणून जोडलेल्या टीव्हीतून जात होता आणि टीव्ही म्यूटवर होता!

"म्यूट कोणी केला?" मी ओरडलो.

बायको किचनमधून म्हणाली, "मी. तुम्ही तिघे जमलात की मी पहिलं तेच करते."

\*\*\*

मग नितीनने पिनवाला स्पीकर आणला. कॉम्प्युटर नवीन मॉडेलचा, पिन घालायला भोक सापडेना. टॉर्च मारून झाला, भिंग लावून झालं. माझे सासरे पेपर वाचत होते. ते मान वर न करता म्हणाले, "त्याला भोक नाहीये."

"बाबा, तुम्हाला कसं कळलं?"

"तीन इंजिनियर अर्धा तास शोधतायत. असतं तर एव्हाना मिळालं असतं!"

खरंच नव्हतं. शेवटी यूएसबीला लावायचं साउंड कार्ड आणलं.

\*\*\*

आवाज आला, पण मागून सतत घूंऽऽ. दोष चार्जरचा असणार म्हणून नितीन एकेक चार्जर लावून, आवाज वाढवून ऐकत होता. खाली वॉचमनला वाटलं, पाण्याचा पंप आज वेगळाच वाजतोय, जळेल. त्याने पंप बंद केला. आमची घूं चालूच राहिली, बिल्डिंगचं पाणी तेवढं थांबलं! सेक्रेटरी टॉवेल गुंडाळून, अंगाला साबण तसाच, आमच्या दारात उभे.

सुरेश शांतपणे म्हणाला, "साहेब, पानी येईल. आधी सांगा, घरात चांगला चार्जर हाय का?"

\*\*\*

वायरींना कंटाळून एकदा ब्लूटूथ लावून बघितलं. धवला सुरू केला, तर आमच्याकडे चिडीचूप. वरच्या मजल्यावर पाध्येकाकूंच्या स्पीकरमधून मात्र सुरेशची आई हळदीचं गायला लागली! काकू धावत खाली आल्या. आता ओरडा बसणार असं आम्हाला वाटलं.

"आमच्या अमेयचं कुठे जमवलंत का रे? आईला तरी सांगायचं!"

चौतिशीच्या अमेयसाठी त्यांचा चेहरा इतका फुलला होता की खरं सांगताना मलाच वाईट वाटलं.

\*\*\*

हळदीचा दिवस उजाडला. आई मांडवात पाटावर बसली, मांडीवर डबा. एकदा दाबलं की गाणं सुरू, पुन्हा दाबलं की थांबणार. तिने पहिलं बटण दाबलं आणि तोच जुना खणखणीत आवाज मांडवभर झाला. आमचा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्याच ओळीला बायका अडखळल्या. गाणं आपलं पुढे धावतंय!

"मधली जागा कुठं गेली?" सुरेशने विचारलं.

"रिकामी होती म्हणून कापली मी," नितीन म्हणाला.

"अरे, ती बायकांची जागा! तिथं बायका म्हनतात!"

नितीनचा चेहरा पांढराफटक पडला. आईने मात्र बटणावर बोट ठेवून गाणं थांबवलं आणि बायकांकडे बघून मान हलवली. बायकांनी ओळ घेतली. तिने पुन्हा दाबलं, पुन्हा थांबवलं. एकेक ओळ करत हळद लागू लागली.

तेवढ्यात सुरेशने माझं मनगट घट्ट धरलं. "मेलो! हे शेजारच्या वर्षाच्या लग्नाच्या वेळी घरी म्हनलेलं हाय. आता नवरीचं नाव येनार, ते वर्षाचं हाय!"

आता काही करता येण्यासारखं नव्हतं. मी डोळे मिटून घ्यायच्या बेतात होतो.

आईने नावाच्या आधीच बटण दाबलं. तिने तेजूकडे बघितलं आणि तिचे नुसते ओठ हलले.

मागून सगळ्या बायकांनी एका सुरात ओळ उचलली, तेजूच्या नावाची.