खिडकीच्या गजाला बांधलेला पट्टा

सरांनी ओळीतून सारखी पळणाऱ्या माझ्या तेजूच्या कमरेचा पांढरा पट्टा सोडला. एक टोक तिच्या मनगटाला बांधलं, दुसरं खिडकीच्या गजाला. "आता कुठं पळशील गं?"

केडगावच्या मंगल कार्यालयात कराटेचा क्लास भरतो. पोरं ओळीत उभी होती. भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आम्ही पालक.

सगळे हसले. मीही हसले.

तेजूचं लक्ष टिकत नाही. शाळेत बाकावर बसवत नाही तिच्याच्यानं. दौंडचे डॉक्टर म्हणाले, कराटेला घाला, अशा पोरांना उपयोग होतो. आन् झालाही. लाथ मारायला उभी राहिली की हीच पोरगी पापणी हलवत न्हाई. दुसरीकडं कुठंच अशी थांबत नाही. म्हणून हा क्लास सुटायची मला भीती.

पहिल्याच दिवशी मी सरांना म्हणाले होते, "मारलं तरी चालंल, सर." मला शाळेत घालताना माझ्या बापानं गुरुजींना हेच सांगितलेलं. आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीतली पहिली बीकॉम मी. कुठल्याही साहेबापुढं खुर्ची ओढून बसते. पण मास्तरापुढं वाकायची सवय आत तशीच.

शेजारच्या खुर्चीवरच्या, बागायतदाराच्या घरच्या वहिनी म्हणाल्या, "ह्यांच्या गल्लीत पोरांना वळण कुठलं? मोकाट सगळी." तेवढ्यात त्यांचा पोरगा ओळ सोडून दुसऱ्याच्या पाठीवर चढला. सर म्हणाले, "ए वाघा, उतर की!"

तो वाघ. आन् माझी पोर दाव्याला.

उठले. गाठ घट्ट बसलेली. दातानं सोडवली.

"ताई, तुम्हीच म्हणाला होता ना, मारलं तरी चालंल?"

"म्हणाले होते. चुकलं माझं. आजपासून हात लावायचा न्हाई."

"मग दुसरा क्लास बघा."

"का बघू?"

सर पोरांकडं वळले.

घरी जाताना राहू गाव जवळ आलं. गाडीवर मागं बसलेली तेजू म्हणाली, "आई, तू पण हसलीस ना?"

"व्हय."

सरांवरचा राग चारचौघांत सांगता येतो. त्या हसण्याचं काय सांगू? गाठ सरांनी मारली, परवानगी माझी होती.

उद्या तिला घेऊन जाणार. पहिल्या ओळीत उभी करणार. नको म्हणायचं असेल तर सरांनी साऱ्या पालकांसमोर म्हणावं, कारण सांगून. मी खुर्चीवर बसणार नाही. तिला दिसेल अशी समोर उभी राहणार. आन् कुणी हसलं, तर क्लास तिथंच थांबवून विचारणार, कशाला हसलात.