आमच्या झुरळांमुळे महाडात आलेला पूर

महाडच्या आमच्या गल्लीत माझ्याइतकं स्वच्छ स्वयंपाकघर कुणाचं नाही, असं माझं मत आहे. झुरळांचंही तेच मत असावं, कारण ती दुसरीकडे जायला तयारच नव्हती.

खडू झाला, फवारा झाला, बोरिक पावडर आणि साखरेच्या गोळ्याही झाल्या. (त्या खाऊन ती चांगली गुटगुटीत झाली!) गल्लीत मात्र मी कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. पण मे महिन्यात पुण्याहून सून आली, गायत्री, आणि नातीच्या दुधाच्या बाटलीवर मिशा हलवत बसलेलं एक झुरळ तिने पाहिलं. बिचारी ओरडली नाही की भांडली नाही. जाताना एवढंच म्हणाली, "आई, तेवढं झुरळांचं बघा. मग गणपतीला राहायला येतो आम्ही."

नात नुकती चालायला लागलेली, आणि तिचा आपल्या घरातला पहिला गणपती झुरळांपायी हुकणार? छे!

गणपती तोंडावर आले तसा मी, मंडळी यायची त्याच दिवशी, फवारणीवाला बोलावला. तोही मुद्दाम माणगावचा, म्हणजे इथे ओळखपाळख नको. तो फोनवर म्हणाला, "काकू, दुपारी येतो. स्वयंपाकघर पार रिकामं करून ठेवा."

मी पदर खोचला आणि ह्यांना बजावलं, "सगळं वरच्या खोलीत न्यायचंय. आणि कुणी काही विचारलं तर सांगायचं नाही!"

आमचे हे कोर्टात कारकून होते. खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलेलं नाही, म्हणून मला जास्त धास्ती.

आमचा जिना बाहेरून, रस्त्याच्या अंगाला. त्या जिन्याने डाळ-तांदळाचे डबे चालले, मिक्सर चालला, शेगडी चालली. दुसऱ्या गावात लोक म्हणाले असते, गणपतीची साफसफाई दिसतेय. पण महाडात पावसाळ्यात कुणाचे डबे वर चढायला लागले की माणूस आधी सावित्री नदीच्या दिशेने मान वळवतो!

समोरच्या मंदाताईंनी गॅलरीतून हाक मारली. "वहिनी, सामान वर का हो नेताय?"

"काही नाही हो, असंच! आधी नेलेलं बरं!"

मंदाताईंचा चेहरा उतरला. त्या तरातरा खाली आल्या आणि जिन्यात ह्यांना गाठलं. "भाऊ, खरं सांगा. तुम्हाला काही कळलंय का?"

हे म्हणाले, "हिने सांगायचं नाही म्हणून बजावलंय."

झालं! निवृत्त का असेना, कोर्टातला माणूस! मंदाताईंचा फ्रिज हलला. तो पाहून शेजारची वॉशिंग मशीन हलली. कोपऱ्यावरच्या किराणावाल्या शेठने साखरेची पोती माळ्यावर चढवायला घेतली. कुणी मखर घेऊन पळतंय, कुणी स्कूटर ढकलत चढावर नेतंय, आणि डोक्यावर लख्ख ऊन!

ती धावपळ बघून माझं धाबं दणाणलं. "अहो, सगळेच सामान हलवतायत! खरंच पाणी येतंय वाटतं! पलंग उचला आधी!"

"अगं, पण..."

"उचला म्हणते ना!"

पलंग वर गेला. मग मला सुचलं, नदी पोलादपुराकडून येते, तर तिथल्या भावाला विचारावं. मी फोन लावला. "दादा, तिकडे पाऊस किती आहे रे?"

"पाऊस? हितं कडकडीत ऊन हाय! नदीला पानी नाय काय नाय. पन गो, तुझ्याच गल्लीतनं फोन आला, महाडात पूर येतोय. मी टेम्पो काढलाय, तुमचं सामान न्यायला!"

त्याला आवरते तोवर मुलाचा, निखिलचा फोन. "आई, आम्ही वरंध घाटापर्यंत आलोय. ग्रुपवर फोटो आलेत, अख्खी गल्ली सामान वर नेतेय. सगळ्यात पुढे तूच आहेस, डोक्यावर तांदळाचा डबा! गायत्री म्हणते, बाळाला घेऊन पुरात कशाला? गाडी वळवतोय."

"वळवू नकोस रे!"

सगळी गल्ली हातातलं सामान तसंच धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. त्यात निखिलला घाटात रेंज नाही. हळू बोलून भागणार नव्हतं. गेली अब्रू तर गेली, नात हवी होती मला! मी जीव खाऊन ओरडले, "अरे, पूर नाही! झुरळं झालीत आपल्याकडे! ढीगभर झुरळं! म्हणून सामान हलवलं!"

शेठने पोतं धाडकन खाली टाकलं. मंदाताई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "एवढंच होतं तर सांगायचं की हो! आमच्या फ्रिजमागून आत्ता फौजच निघाली. तुमचा तो माणूस आमच्याकडेही पाठवा."

फोनवर गायत्री खो खो हसत होती. "आई, पूर नाही ना? मग आलोच आम्ही. झुरळांचं बघू मिळून." मला रडूच आलं, खरं सांगते.

फवारणीवाला कोपरा न कोपरा फवारून गेला. संध्याकाळी मंडळी आली. निखिल बॅगा आणि लेकीला घेऊन वर गेला, आणि मी गायत्रीला मोठ्या दिमाखात स्वयंपाकघर दाखवलं. "शोध, एक तरी सापडतंय का!"

"खरंच नाही हो आई! पण डबे कुठेत?"

"वर. तुमच्या खोलीत."

तेवढ्यात वरून निखिलची हाक आली, "आई! जरा वर ये!"

वर नात टाळ्या पिटत होती. गायत्री हसत हसत चप्पल घेऊन पुढे झाली, आणि तिला धीर द्यायला गेलेली मी पलंगावर उभी, साडी गुडघ्यापर्यंत धरून! औषध मारलं होतं रिकाम्या ओट्याला. झुरळांना तर मी स्वतः, न्याहारीसकट, सुनेच्या खोलीत सुखरूप पोचवलं होतं!