कुसुमताईंच्या घरातला कापूर

माझी धाकटी जाऊ रेणू सहजासहजी फसणारी नव्हे. सुलतान बाजारात अस्तराचं कापड घेताना ती दुकानदाराला रडकुंडीला आणते. बरकतपुऱ्यातल्या घरी बसून तिने पंधरा वर्षं ब्लाउज शिवले, तीन लाख साठवले आणि पाठ धरली तेव्हा म्हणाली, "अक्का, आता बिझनेस करते."

बिझनेस म्हणजे कापराच्या वड्यांची मशीन. तीन लाख भरायचे. मशीन आणि कच्चा माल कंपनी देणार, तयार वड्याही कंपनीच विकत घेणार. कंपनीचा माणूस, शिवराज, घरी आला आणि मराठीत बोलला. झालं! हैदराबादेत तेलुगू माणसाला आम्ही शंभर प्रश्न विचारतो, मराठी बोलणाऱ्याला दोनच. गाव कोणतं आणि सोयरे कुठले? हा उदगीरकडचा निघाला, माझ्या माहेरच्यांना नावानिशी ओळखणारा. आपल्या माणसाकडे कंपनीचे कागद काय मागायचे? हा शहाणपणा माझा, रेणूचा नव्हे.

रेणूने एवढंच म्हटलं, "आधी कुणाची चालू मशीन दाखवा." त्याने लगेच काचीगुड्याचा पत्ता दिला. चेक पर्समध्ये टाकून आम्ही दोघी गेलो, तर शिवराज आधीच तिथे येऊन बसलेला.

घर कुसुमताईंचं. पन्नाशीची बाई, एकटी. मशीन छान चालते, मुलीचं लग्न यातूनच झालं, साहेब देवमाणूस, असं त्या न थांबता बोलत होत्या. बोलताना आमच्याकडे नाही, शिवराजकडे बघत होत्या.

त्या चहा टाकायला उठल्या, तशा मदतीच्या निमित्ताने आम्हीही आत गेलो. स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. छतापर्यंत खोकी, सगळी कापराची. वासाने डोळे चुरचुरले. आणि त्या खोक्यांना जवळजवळ खेटून गॅस पेटलेला!

"कंपनी माल नेत नाही?" रेणूने हळूच विचारलं.

"चार महिने झाले. वडी पास होत नाही म्हणतात." कुसुमताईंनी तिचं मनगट घट्ट धरलं. "पण तू हो म्हण, माय. तू भरलेस की माझे थोडे वापस मिळतात."

"ताई, चहाला किती वेळ?" बाहेरून शिवराजने विचारलं. आवाज तोच, गोड. मला पहिल्यांदा त्या गोडव्याची भीती वाटली.

"भाऊ, चेक घरीच राहिला की!" बाहेर येत रेणू धडधडीत खोटं बोलली. रस्त्यावर येईपर्यंत आम्ही मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याचे सतरा फोन आले. रेणूने दाराला आतून कडी घातली आणि दिवसभर काढली नाही. चार दिवसांनी धीर करून आम्ही कुसुमताईंकडे गेलो. "पोलिसांत चला, आम्ही सोबत येतो," मी म्हटलं.

त्यांनी दार अर्धंच उघडलं. "नक्को. तुमच्याआधी पाच जणी इथे चहा पिऊन गेल्या. मीच त्यांना भरायला लावलं. पोलिस आधी मलाच धरतील." आणि दार लावून घेतलं.

परतताना मी कुसुमताईंना खूप नावं ठेवली. बसस्टॉपवर आल्यावर रेणू म्हणाली, "अक्का, मी अडकले असते तर मीही हेच केलं असतं. आणि सगळ्यात आधी तुम्हालाच आणलं असतं."