साधं पाणी

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की अजूनही मला भीतीच वाटते. भोपाळचा वैशाख म्हणजे काय, हे तुम्हाला कसं सांगू? आमच्या कारखान्याच्या वसाहतीतले सरळसोट रस्ते दुपारी निर्मनुष्य होत, गुलमोहर तेवढे निर्लज्जपणे फुललेले असत, आणि पुण्याहून बदली होऊन आलेल्या आम्हा साऱ्या आयांच्या मनात एकच धास्ती असे, लेकराला तिथल्या तापलेल्या वाऱ्याची लू लागेल! म्हणून पाळणाघरात जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यात ग्लुकोजच्या गोड पाण्याची बाटली लटके. माझ्या चार वर्षांच्या निमीच्याही. दिवसभर ती तेच पिई आणि मी कचेरीत निर्धास्त बसे.

पण भय किती मायावी असतं! ते रूप पालटून पुन्हा दारात उभं राहतं. निमी गुबगुबीत झाली तेव्हा आम्ही कौतुकाने गालगुच्चे घेतले. पुढे जिना चढताना तिला धाप लागू लागली, तेव्हा डॉक्टरांनी तिचं वजन पाहिलं आणि गोड पाणी त्याच दिवशी बंद करायला सांगितलं. मधुमेहाने काळवंडलेला माझ्या वडिलांचा पाय माझ्या डोळ्यांसमोरून हलेना. पाळणाघराच्या मीनाताईंनी तर सगळ्यांच्याच बाटल्या बंद केल्या. आता फक्त माठातलं पाणी, नाहीतर पातळ ताक. "मॅडम, प्यास लागली की आपोआप पिईल ती, टेन्शन नका घेऊ," असं त्या आपल्या नागपुरी मोकळेपणाने म्हणाल्या. टेन्शन न घ्यायला मी काय दगडाची होते?

पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी पाळणाघराच्या खिडकीशी धावले, पर्समध्ये गोड पाण्याची बाटली लपवून. मीनाताईंची रीत अशी, की मुलांनी गोल बसायचं आणि प्रत्येकाने शेजारच्याला पाणी भरून द्यायचं. निमीने शेजारच्या मुलीला दिलं, स्वतःचा पेला मात्र खाली ठेवला. सकाळपासून तिने थेंबही घेतला नसल्याचं मीनाताईंनी मला हळूच सांगितलं. तिचे ओठ सुकले होते. बाहेर आग ओकणारं ऊन आणि आत माझं मूल तहानलेलं! माझा हात पर्सकडे गेला.

तेवढ्यात शेजारणीनेच पेला उचलून तिच्या ओठांना लावला. निमीने तोंड वाकडं करत एक घोट घेतला, मग दुसरा; मग पेला दोन्ही हातांनी धरून ती गटागटा पीतच राहिली, पुन्हा पुन्हा मागत राहिली. मला हायसं वाटायला हवं होतं. पण त्या इवल्या गळ्याची ती घाई पाहून मला धडकीच भरली. इतके दिवस गोड पाजून पाजून मी तिला तहानलेलीच ठेवली होती का?