सिगारेटच्या पाकिटातले आजोबा

दोन वर्षांपूर्वी नाशिकला जुनी नाणी आणि तिकिटांचं प्रदर्शन भरलं होतं. तिथे एका विक्रेत्याकडे पूर्वी सिगारेटच्या पाकिटातून मिळायची ती नटनट्यांची छोटी चित्रं होती. अल्बम चाळता चाळता मी थांबले. नऊवारी, नथ, अंबाड्यावर गजरा आणि मध्येच तुटलेली डावी भुवई. ते माझे आजोबा होते. तरुणपणी ते नाटक कंपनीत बायकांच्या भूमिका करायचे. भुवईवरचा तो व्रण लहानपणी मी कितीदा बोटानं चाचपला होता. चित्राखाली चिठ्ठी होती : अज्ञात नटी.

“हे माझे आजोबा आहेत,” मी म्हटलं. “मला हे एकच चित्र हवंय.”

“सुटं देत नाही मॅडम, पूर्ण संच आहे.”

“मग निदान नाव तरी बदला.”

“घरातल्या कुणा जाणत्याकडून खात्री करून आणा, बदलतो.”

मी प्लास्टिकवरूनच मोबाईलवर फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी एसटीनं येवल्याला काकांकडे गेले. वडिलांच्या मागे आजोबांची ओळख पटवणारे तेवढेच उरले होते. त्यांनी फोन डोळ्यांजवळ धरला, बराच वेळ पाहिलं आणि परत दिला.

“कुणी बाई हाय. आपल्या घरात असलं काही नव्हतं.”

“काका, ती भुवई बघा ना.”

“नाय दिसत काही.”

चहा घेऊन आलेल्या काकू डोकावल्या. “अहो, हे तर मामंजी.”

“तू गप बैस,” काका म्हणाले.

आपल्या बापाला ओळखत नाही म्हणणाऱ्या माणसाशी काय भांडणार? तरी मी भांडले. चहा तसाच टाकून निघाले. नाशिकला इंदिरानगरच्या घरी पोचेपर्यंत डोकं तापलेलंच होतं. शेवटी ठरवलं, संच तर संच, पूर्ण घ्यायचा. सकाळी प्रदर्शनात गेले, तर तो विकला गेला होता. कुणी नेला, ते विक्रेता सांगेना.

“चिठ्ठी कोणती लावून दिलीत?”

“होती तीच.”

गेल्या उन्हाळ्यात घरच्याच एका लग्नात काका पाहुण्यांना सांगत होते, “आमच्या वडिलांचं चित्र सिगारेटच्या पाकिटात यायचं. तेव्हा काय मान होता त्यांना.” मला पाहताच त्यांनी हाक मारली. “ये, दाखव यांना.”

मी फोन पुढे केला. पाहुण्यांनी फोटो मोठा करून पाहिला. “मूळ चित्र कुठंय?”

काका माझ्याकडे बघायला लागले, जसं काही ते मीच हरवलं होतं.