सोडामिंटची गोळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच, आणि ज्याच्या पायाशी खेळ केला त्या दादालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? हसाल म्हणून. आधी हसून घ्या, मग बघू.

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गिरगावातल्या आमच्या चाळीचं कलापथक होतं आणि दादा त्याचा शाहीर. मी मागे झील धरणारी — पण एक कडवं एकटीचं होतं हो माझं! लालबागच्या सभेत त्यावर टाळ्या पडल्या, की आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नसत. आईची अट एकच: "दादा बरोबर असेल तर जा. नाहीतर बस तांदूळ निवडत."

आणि दादाच्या गुडघ्याखाली गाठ निघाली. हाडाचा कॅन्सर. परळच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी परदेशी गोळ्या दिल्या. सूज उतरू लागली, आईने चाळभर पेढे वाटले. फक्त गोळी घेतली की दादाला दिवसभर उलट्या. गाणार काय, कपाळ! गोळ्या द्यायचं काम माझं. कळलं ना, मी कुठे चाललेय ते?

कार्यक्रमाच्या दिवशी मी त्याला औषधाऐवजी तशीच पांढरी, अपचनावरची सोडामिंटची गोळी दिली. एकदाच — मग पुन्हा एकदा — आणि सभा तरी किती होत्या तेव्हा! दादा खुर्चीवर बसून डफ वाजवायचा, आवाज खणखणीत. "बघ ठमे, औषध मानवलं मला!" मी मान डोलवायची.

सूज पुन्हा चढली. डॉक्टर आईला म्हणाले, "रोग गोळ्यांना जुमानेनासा झालाय. जोडीला नवं इंजेक्शन देतो. तरीही नाही उतरली, तर पाय काढावा लागेल." मी शेजारीच उभी. तोंड उघडलं का? नाही. खरं सांगितलं तर आई स्टेजवर जाऊ देणार नाही — एवढंच डोक्यात. पाय दादाचा, आणि मला काळजी कडव्याची!

घरी येऊन सोडामिंटची बाटली मोरीत रिकामी केली. पुढे एकही गोळी चुकवली नाही. इंजेक्शन भयंकर होतं. दादाचे केस गेले, तोंड फोडांनी भरलं. पण सूज उतरली. पाय वाचला! राज्य झालं त्या मिरवणुकीत तो दोन्ही पायांनी नाचला, आणि त्याच्यापुढे मी फुगड्या घातल्या. साठीला टेकलाय, तरी चौपाटीवर अजून मला मागे टाकतो. असा आनंद दुसरा नाही — खरंच नाही.

पण सांगायचं ते अजून राहिलंय. गाठ गोळ्यांनी गेली की इंजेक्शनाने? कुणास ठाऊक. डॉक्टरांना मात्र खात्री होती. गोळ्यांना न बधणारा रोग इंजेक्शनाने वठणीवर आणला, असं ते दादाला पुढ्यात बसवून इतर डॉक्टरांना सांगत. मी बाजूला उभी राहून हसायची. तिथे बाकावर शिवडीची एक कोळीण होती. तिची गाठ गोळ्यांना जुमानत नव्हती — तिची खरोखरच.

"तुज्या भावाला दिलं तेच मला देनार हायेत," ती हरखून म्हणाली. "येतो ना गं गुन?"

मी आवाज लावून म्हटलं, "हमखास, मावशी!"

तिचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही.